जनावरांमधले औषधांना न जुमानणारे जिवाणू: माणसाला धोका नेमका कुठून?

प्रश्न असा आहे: गाई-म्हशी, कोंबड्या, डुकरे यांना दिलेल्या अँटिबायोटिकमुळे जे औषधरोधक जिवाणू वाढतात, त्यांचा माणसाला खरोखर किती धोका आहे? दूध उकळले, मांस नीट शिजवले की विषय संपतो ना? आणि जनावरे पाळणाऱ्याने करायचे तरी काय, आजारी जनावराला औषधच द्यायचे नाही का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण त्याची धास्ती घेऊन बसलेले पशुपालक पुढचे काहीच ऐकून घेत नाहीत. आजारी जनावराला औषध द्यायचेच. न्यूमोनियाने धापा टाकणारे वासरू किंवा कासदाहाने फणफणलेली गाय तशीच सोडून देणे हे क्रौर्य आहे आणि त्याने प्रतिरोधाचा, म्हणजे जिवाणू औषधाला न जुमानण्याचा, प्रश्न तसूभरही सुटत नाही. मी पशुवैद्यक आहे. प्रतिजैविके (अँटिबायोटिक) माझ्या पिशवीतली सगळ्यात मोलाची औषधे आहेत आणि ती पुढेही चालावीत ही माझी स्वतःची गरज आहे. माझा विरोध आहे तो धडधाकट जनावरांना खाद्यातून रोज थोडे थोडे औषध चारण्याला, लस आणि स्वच्छतेची उणीव औषधाने भरून काढण्याला, आणि निदान न करता हाताशी असलेले सगळ्यात भारी औषध टोचण्याला.

दूध-मांसाबद्दल बोलताना दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. औषधाचा अंश दुधात किंवा मांसात उतरणे हा एक प्रश्न. त्यासाठी प्रत्येक औषधाला प्रतीक्षाकाळ ठरवून दिलेला असतो; तेवढे दिवस दूध वापरायचे नाही, जनावर कापायचे नाही. तो प्रामाणिकपणे पाळला की हा प्रश्न बहुतांशी मिटतो. जनावराच्या आतड्यात, नाकात, कातडीवर प्रतिरोधक जिवाणू वाढणे हा दुसरा प्रश्न, आणि तो प्रतीक्षाकाळाने मिटत नाही. औषध शरीरातून निघून गेले तरी त्याच्या माऱ्यात जगलेले जिवाणू शेणातून बाहेर पडत राहतात, शेजारच्या जनावराला लागतात, गव्हाणीत, पाण्यात, धार काढणाऱ्याच्या हातावर पोहोचतात. 'औषधाचा अंश आढळला नाही' असा प्रयोगशाळेचा शेरा या दुसऱ्या प्रश्नाबद्दल काहीही सांगत नाही.

हे घडते कसे, तेही थोडक्यात पाहू. बहुतेक प्रतिरोधक जनुके औषधांहून कितीतरी जुनी आहेत. मातीतले जिवाणू आणि बुरशी एकमेकांविरुद्ध अशी रसायने लाखो वर्षे वापरत आले आहेत. आपण औषध देतो तेव्हा ज्यांच्याकडे बचावाचे साधन आहे ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. पुरेशा मात्रेत, मोजके दिवस, एकाच आजारी जनावराला औषध दिले तर ही निवड मर्यादित राहते. हजारो निरोगी प्राण्यांना आठवडेच्या आठवडे कमी मात्रेत दिले, तर रोग मारण्याइतके औषध कुठेच नसते आणि निवड करण्याइतके मात्र सगळीकडे असते. त्यात अनेक जनुके प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचे छोटे कडे. एक जिवाणू ते दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. म्हणून कोंबडीच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूसुद्धा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तो स्वतः आजार करणार नाही, पण त्याच्याकडचे जनुक आजार करणाऱ्याकडे जाऊ शकते.

खाद्यातून औषध चारण्याची सुरुवात १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झाली. लेडर्ली या औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांच्या वाढीसाठी लागणारे ब-१२ जीवनसत्त्व शोधत होते. क्लोरटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा खाद्यात घातल्यावर पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली, आणि ते श्रेय एकट्या जीवनसत्त्वाचे नव्हते, चोथ्यात उरलेल्या औषधाचेही होते, हे नंतर कळले. पुढच्या काही वर्षांतच ही पद्धत जगभर पसरली. धोक्याची जाणीवही फार उशिरा आली नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने स्पष्ट सांगितले की माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. त्यानंतर युरोपीय संघात अशा वापरावर पूर्ण बंदी यायला २००६ उजाडले. स्वीडनने मात्र १९८६ मध्येच हा वापर थांबवला होता.

जिवाणू खरेच माणसापर्यंत येतात का, असे कोणी विचारले की मी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकी संशोधकांच्या प्रयोगाबद्दल सांगतो. बॉस्टनजवळच्या एका कुटुंबाच्या शेतावर त्यांनी कोंबड्यांचे दोन गट केले. एकाला कमी मात्रेत टेट्रासायक्लिन घातलेले खाद्य, दुसऱ्याला साधे. आठवडाभरात औषधी खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेच्या नमुन्यांपैकी ३१ टक्के नमुन्यांत ऐंशी टक्क्यांहून अधिक जिवाणू प्रतिरोधक होते. शेजाऱ्यांमध्ये अशा नमुन्यांचे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत होते. या माणसांनी औषध घेतलेले नव्हते. मला त्यातला आणखी एक निष्कर्ष जास्त अस्वस्थ करतो: खाद्यात फक्त टेट्रासायक्लिन होते, तरी काही आठवड्यांत कोंबड्यांमधले जिवाणू इतर अनेक औषधांनाही प्रतिरोधक झाले. एका औषधाविरुद्धचे जनुक ज्या प्लाझ्मिडवर असते, त्याच प्लाझ्मिडवर इतर औषधांविरुद्धची जनुकेही असतात. एकच औषध चारले, तरी प्रतिरोध चार औषधांविरुद्ध वाढतो.

याच गोष्टीचा दुसरा पुरावा डेन्मार्कचा. तिथे डुकरे आणि कोंबड्यांच्या वाढीसाठी अ‍ॅव्होपार्सिन वापरले जाई. माणसांच्या गंभीर संसर्गात शेवटी-शेवटी वापरल्या जाणाऱ्या वॅन्कोमायसिनचे हे सख्खे भावंड. १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये माणसांसाठी २४ किलो वॅन्कोमायसिन लागले, आणि जनावरांच्या खाद्यात त्याच वर्षी २४,००० किलो अ‍ॅव्होपार्सिन गेले. १९९५ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. त्या वर्षी कोंबड्यांमधल्या एन्टेरोकॉकस फीशियम जिवाणूंपैकी सुमारे ७३ टक्के प्रतिरोधक होते. २००० पर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. डुकरांमध्ये मात्र बंदीनंतरही प्रतिरोध हटेना. कारण शोधल्यावर सापडले की डुकरांमधल्या जिवाणूंत वॅन्कोमायसिनविरोधी जनुक आणि टायलोसिनसारख्या दुसऱ्याच प्रतिजैविकांविरुद्धचे जनुक एकाच प्लाझ्मिडवर होते, आणि टायलोसिन तर चालूच होते. १९९८ मध्ये वाढीसाठी टायलोसिन देणे थांबले, तेव्हा कुठे डुकरांमधला प्रतिरोधही खाली आला. 'आम्ही ते औषध कधीच बंद केले, तरी फरक नाही' असे कोणी म्हणाले की मी आधी विचारतो, बाकीची कोणती चालू आहेत?

अशा प्रतिरोधाचा माणसांशी असलेला संबंध इतका सरळ दिसणे दुर्मीळ असते, पण कॅनडातल्या क्विबेक प्रांतात तो दिसला. तिथे उबवणुकीच्या अंड्यांत सेफ्टिओफर हे प्रतिजैविक टोचले जाई, पिल्लांना नाभीचा संसर्ग होऊ नये म्हणून. हे तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन, म्हणजे प्रतिजैविकांच्या एका मोठ्या गटातले भारी औषध. त्याच गटातले सेफ्ट्रियाक्सोन लहान मुलांच्या आणि गर्भवतींच्या गंभीर साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जिवाणू) संसर्गात कामी येते. दुकानातल्या कोंबडीच्या मांसात आणि आजारी माणसांत साल्मोनेलाच्या हायडेलबर्ग या प्रकाराचा या औषधांविरुद्धचा प्रतिरोध एकाच वेळी वाढत गेला. २००५ मध्ये उबवणी केंद्रांनी आपणहून औषध थांबवले, दोन्हीकडे तो उतरला. २००७ मध्ये काही ठिकाणी औषध पुन्हा सुरू झाले आणि प्रतिरोध पुन्हा चढू लागला. अंड्यात टोचलेल्या औषधाचा परिणाम दवाखान्यातल्या मुलावर होतो याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

कोलिस्टिनचे प्रकरण अधिक गंभीर. हे जुने औषध मूत्रपिंडावर होणाऱ्या दुष्परिणामांमुळे माणसांच्या उपचारातून मागे पडले होते. पुढे कार्बापेनेम या गंभीर संसर्गांसाठी राखलेल्या प्रतिजैविकांनाही न जुमानणारे जिवाणू आले आणि अतिदक्षता विभागात त्याची पुन्हा गरज पडली. दरम्यान अनेक देशांत ते जनावरांच्या खाद्यात टनावारी जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनच्या संशोधकांनी एमसीआर-१ या जनुकाची माहिती दिली. हे कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे, आणि प्लाझ्मिडवरून एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक. त्यांनी २०११ ते २०१४ मधले ई. कोलायचे नमुने तपासले होते: कच्च्या मांसातल्या नमुन्यांपैकी १५ टक्क्यांत, जनावरांच्या नमुन्यांपैकी २१ टक्क्यांत आणि रुग्णालयातल्या माणसांच्या नमुन्यांपैकी सुमारे १ टक्क्यात ते होते. जनावरांत जास्त आणि माणसांत कमी, हा उतार प्रवासाची दिशा सुचवतो. लवकरच ते जनुक जगाच्या जवळजवळ प्रत्येक भागात सापडले. चीनने २०१७ पासून खाद्यातले कोलिस्टिन बंद केले आणि त्यानंतर तिथे डुकरांमध्ये व माणसांमध्येही या जनुकाचे प्रमाण ठळकपणे घटले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

म्हणजे औषध थांबवले की सगळे पूर्ववत होते, असे मात्र समजू नका. कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू माणसाला मुख्यतः कोंबड्यांकडून येतो. त्याच्या एका जनुकात एक छोटा बदल झाला की सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट निकामी होतो, आणि या बदलाची जिवाणूला फारशी किंमत मोजावी लागत नाही. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी याच गटातले एन्रोफ्लॉक्सासिन वापरणे बंद केले, तरी प्रतिरोधक कॅम्पिलोबॅक्टर नाहीसा झाला नाही. ऑस्ट्रेलियाने हा गट अन्नासाठीच्या प्राण्यांत कधी वापरूच दिला नाही. तिथल्या कोंबड्यांमध्ये असा प्रतिरोध फार कमी आढळला. आधी वापरून मग मागे घेणे आणि मुळात न वापरणे यांत एवढा फरक पडतो. नव्या औषधाला जनावरांसाठी परवानगी देताना ही बाब सगळ्यात आधी तोलली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता उकळण्या-शिजवण्याबद्दल. होय, नीट उष्णता दिली की जिवाणू मरतात, मग ते प्रतिरोधक असोत वा नसोत. प्रतिरोधक जिवाणू उष्णतेला जास्त चिवट नसतात. मांसाच्या मध्यभागी ७० अंश सेल्सिअस गाठले, दूध पाश्चराइझ केलेले किंवा उकळलेले असले, तर त्या घासातून धोका जवळजवळ राहत नाही. अडचण होते ती घास शिजण्याआधी. कच्ची कोंबडी चिरलेल्या सुरीने काकडी चिरली, कच्चे मांस नळाखाली धुताना शिंतोडे उडाले, हात न धुता बाळाला भरवले, तर शिजवण्याचा काही उपयोग नाही. कच्चे मांस धुऊच नका. ती सवय जिवाणू ओट्यावर पसरवते, बाकी काही साधत नाही. कच्चे दूध पिणे मला कोणत्याही कारणासाठी पटत नाही.

शिवाय ताट ही एकच वाट नाही. ताजे शेणखत घातलेला भाजीपाला, शेडमधून ओढ्यात जाणारे सांडपाणी, आणि जनावरांत रोज वावरणारी माणसे या वाटा शिजवण्याने बंद होत नाहीत. टेट्रासायक्लिनसारख्या औषधांचा मोठा भाग शेण-मूत्रातून जसाच्या तसा बाहेर पडतो, त्यामुळे निवड उकिरड्यावरही चालू राहते. खत नीट रचून, आतून तापू देऊन, पुरेसा काळ कुजवले तर जिवाणू आणि औषध दोन्ही बरेच कमी होतात. ताजे शेण थेट कच्च्या खाण्याच्या भाजीला घालू नये, हे मी प्रत्येक पशुपालकाला सांगतो.

धोका एकूण किती मोठा, याला एकच आकडा देणे चुकीचे होईल, कारण तो जिवाणूगणिक बदलतो. २०१९ या एका वर्षात औषधरोधक जिवाणूंच्या संसर्गामुळे जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट झाले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी या संसर्गाचा संबंध होता, असा व्यापक अभ्यासातून काढलेला अंदाज आहे. हे सगळे जनावरांच्या माथी मारता येत नाही. क्षयरोगाच्या किंवा परम्याच्या प्रतिरोधाचा गोठ्याशी जवळजवळ काही संबंध नाही. रुग्णालयांतला बराचसा प्रतिरोध माणसांनीच औषधे बेसुमार वापरल्याने वाढला. इंग्लंडच्या पूर्व भागात जनावरांमधले आणि रुग्णांच्या रक्तातले ई. कोलाय जनुकीय पातळीवर ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही बव्हंशी वेगळे निघाले. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांचे मात्र उलटे: विषमज्वराचे प्रकार वगळले तर त्यांचा मुख्य साठा प्राण्यांतच आहे, म्हणून त्यांचा प्रतिरोधही बहुतांशी तिथलाच. डॉक्टर पशुपालकांकडे आणि पशुवैद्यक रुग्णालयांकडे बोट दाखवत बसतात, ते पाहून मला वाईट वाटते. रोजची देवाणघेवाण मोठी नसली, तरी एमसीआर-१ सारखे एक जनुक एकदाच पलीकडे गेले की पुरते. नंतर ते माणसांतल्या माणसांत पसरायला गोठ्याची गरज उरत नाही.

मग गोठ्यात काय करायचे? सगळ्यात जास्त औषध जिथे वाया जाते तिथून सुरू करा. दुभत्या जनावरांत ती जागा म्हणजे कासदाह, कासेचा संसर्ग. पुष्कळ ठिकाणी दुधात गाठी दिसल्या की लगेच सडात ट्यूब सोडली जाते आणि सोबत तिसऱ्या-चौथ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिनचे इंजेक्शन. दुधाचा नमुना औषध सुरू करण्याआधी घ्या आणि कल्चरला (कोणता जिवाणू आहे हे तो प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीला) पाठवा. औषध दिल्यानंतरचा नमुना फारसा उपयोगाचा नसतो. जनावर खात-पीत असेल, ताप नसेल, तर निकालासाठी एक दिवस थांबता येते. ई. कोलायमुळे झालेला सौम्य कासदाह बऱ्याचदा प्रतिजैविकाशिवाय बरा होतो, यीस्टमुळे झालेल्यावर तर त्याचा उपयोगच नाही. गाय आटवताना सरसकट चारही सडांत औषध भरण्याऐवजी, ज्या गाईच्या दुधात पेशींची संख्या (कासेतल्या संसर्गाची खूण) जास्त आहे किंवा संसर्ग दिसतो तिलाच ते द्यावे आणि बाकीच्यांचे सड सीलंटने, म्हणजे बुचासारख्या बसणाऱ्या पदार्थाने, बंद करावेत. नोंदी मात्र हव्यात. नोंदी नसलेल्या गोठ्यात हे करू नका, नुकसान होईल.

औषध चालू असलेल्या गाईचे दूध विकता येत नाही म्हणून वासरांना पाजले जाते. ते थांबवा. त्यात औषध कमी मात्रेत असते आणि वासराचे आतडे जिवाणूंनी नुकते भरू लागलेले असते. प्रतिरोधक जिवाणू रुजवायला याहून सोयीची परिस्थिती नाही. त्याच वासराला जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटभर चीक मिळाला तर पुढचे कितीतरी जुलाब आणि न्यूमोनिया टळतात. विषाणूजन्य किंवा क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या जुलाबाला प्रतिजैविक लागत नाही. लागते ते मीठ-साखरेचे पाणी, ऊब आणि लक्ष.

कोंबड्यांत आणि डुकरांत एकेक प्राणी वेगळा काढून उपचार करणे अवघड, म्हणून पाण्यातून औषध जाते, हे मला मान्य आहे. पण ते रोगनिदानानंतर, वजनावर काढलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस जावे. पिल्ले आली म्हणून, हवा बदलली म्हणून, गाडीतून आणली म्हणून पाच दिवस औषध, या प्रथेला कोणताही वैद्यकीय आधार नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून असा नेमाने दिला जाणारा प्रतिबंधक वापर कायद्यानेच बंद केला. डुकरांची पिल्ले फार लवकर आईपासून तोडली की जुलाब होतात, आणि मग औषध किंवा झिंक ऑक्साइड लागते. झिंकचीही एक गोम आहे: काही जिवाणूंत झिंकविरोधी जनुक मेथिसिलिन या प्रतिजैविकाविरुद्धच्या जनुकाला जोडलेले असते, म्हणजे औषध टाळून झिंक दिले तरी निवड तीच होते. पिल्ले उशिरा तोडणे हा साधा उपाय आहे. तो महाग पडतो, हेही खरे. तो खर्च एकट्या पशुपालकावर टाकून चालणार नाही. खरेदीदार आणि सरकार यांनीही त्यातला वाटा उचलायला हवा.

हे जमते का? नॉर्वेतल्या सॅल्मन माशांच्या शेतीत १९८७ च्या सुमारास टनावारी प्रतिजैविके जात होती. परिणामकारक लस आली, जागा आलटून-पालटून वापरल्या गेल्या, आणि उत्पादन अनेक पटींनी वाढूनही औषधांचा वापर जवळजवळ ९९ टक्क्यांनी घटला. नेदरलँड्सने २००९ नंतर थोड्याच वर्षांत जनावरांसाठीच्या प्रतिजैविकांची विक्री निम्म्यावर आणली. तिथे प्रत्येक फार्मच्या वापराची नोंद होते आणि कोणता पशुवैद्यक किती औषध लिहून देतो हेही दिसते. माझ्या व्यवसायावर अशी नजर असावी असे मला वाटते.

शेवटची सूचना तुमच्या स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी. नेदरलँड्समध्येच २००४-०५ च्या सुमारास डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांत एमआरएसएचा (मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूचा) एक वेगळा प्रकार सापडला, आणि डुकरांत वावरणाऱ्यांच्या नाकात तो इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळला. बहुतेकांना त्याचा काही त्रास नव्हता. पण शस्त्रक्रियेची जखम किंवा सलाइनची सुई अशा वाटेने तो आत गेला तर गंभीर संसर्ग होऊ शकतो. तिथली रुग्णालये आता दाखल करतानाच जिवंत डुकरांशी संपर्क येतो का ते विचारतात आणि तशी तपासणी करतात. तुम्हाला कोणी विचारले नाही तरी दाखल होताना, शस्त्रक्रियेआधी किंवा औषधाने न उतरणाऱ्या तापात डॉक्टरांना आपण होऊन सांगा की घरी जनावरे आहेत, कोणती आहेत, आणि गेल्या काही महिन्यांत त्यांना कोणती प्रतिजैविके दिली. औषधांची रिकामी खोकी किंवा नोंदवही सोबत नेली तर आणखी बरे; त्यावरून डॉक्टरांना पहिले औषध निवडायला आणि कल्चर लवकर मागवायला मदत होते.